कानबाईवरचा हात

श्रावणात आमच्या पांझरेकाठच्या गावात एक दिवस असा येतो, की पिठाच्या गिरणीलाही आंघोळ घातली जाते. कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांचं दळण पडायचं असतं, त्यात उष्ट्या पिठाचा कणही चालत नाही. धुतलेल्या दगडाचा ओलसर गारवा आणि कोमट पिठाचा वास एकमेकांत मिसळून गल्लीभर दरवळू लागतो, तेव्हा मी जळगावची सगळी कामं टाकून गावी पोचलेला असतो. भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ घ्यायची, ते सगळे गहू एकत्र दळायचे आणि त्याचे रोट आपल्या कुळातच बसून खायचे, असा आमचा रिवाज. ज्याच्या नावाची मूठ पडली तो आपला. मग तो पोटासाठी कुठेही गेलेला असो.

मागच्या श्रावणात आभाळ नुसतंच दाटून राहिलं होतं. दुपारीसुद्धा घरात दिवा लावावा असा मळकट उजेड, आणि माणसांच्या चेहऱ्यांवरही तोच. सरपंचकीची निवडणूक नुकतीच झाली होती आणि माझा चुलतभाऊ दादाभाऊ पडला होता. प्रचारात त्याची वाणी काय रसाळ! गाव म्हणजे माझं घर, आणि घरातल्या माणसांकडे मत मागायचं नसतं, असं म्हणत तो प्रत्येक ओट्यावर चहा प्यायला. निकालानंतर त्याच तोंडाने, मारुतीच्या पारावर भोंगा लावून, आपल्याच भाऊबंदांनी आपल्याला पाडलं म्हणून त्याने गाव डोक्यावर घेतलं. मला त्याची कीव आली नाही, भीती वाटली. हरलेल्या माणसाचा संताप ओसरतो; पण हा संताप ऐकायला रोज जास्त माणसं जमत होती.

कानबाईच्या संध्याकाळी आरती झाली. चौरंगावर कानबाई म्हणून मांडलेला, नथ ल्यालेला नारळ, भोवती केळीचे खांब, कापराचा धूर अजून रेंगाळत होता. दादाभाऊ पुढे झाला.

"घरमाच चोर शे," तो म्हणाला. "ज्यानं मन साफ शे, त्यानी देवीवर हात ठेवा, आनि सांगा मत कोणले दिन्हं ते."

एकेक जण उठला. नारळावर हात ठेवून प्रत्येकाने दादाभाऊचंच नाव घेतलं. माझं मत जळगावात, म्हणून माझा हात कुणी मागितला नाही. मी नुसता ते हात पाहत राहिलो. काही घट्ट टेकले, काही नारळाला लागले न लागले. शेवटी राहिली अक्का, माझी थोरली काकू. तिचा नवरा नाही, एकुलता मुलगा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात. ती जागची हलली नाही.

"मत कोणले दिन्हं, हाई मी देवीले बी सांगनार नही," ती म्हणाली, आणि पदर सावरून घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कानबाई विसर्जनाला नदीवर पोचायच्या आत पारावरचा भोंगा सुरू झाला होता. देवीसमोर सारे भाऊबंद खरे ठरले, आणि तरी मतं कमी निघाली. म्हणजे मशीनच खोटं, आणि घरात गद्दार ती एक बाई. हे ऐकून माणसांच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. देवीपुढे आपल्यातलं कुणी खोटं बोललं असेल, हे मनात आणण्यापेक्षा मतदानच खोटं मानणं त्यांना सोपं होतं. ज्यांचे हात नारळाला नीट लागले नव्हते, तेच सगळ्यांत मोठ्याने माना डोलावत होते.

यंदाही गिरणी धुतली गेली. मी पोचलो तेव्हा अक्का ओट्यावर बसली होती. शेजारी सुपात निवडलेले गहू, तिच्या मुलाच्या नावाचे. कुणीतरी न्यायला येईल म्हणून सकाळपासून ते तिथेच होते. दादाभाऊच्या घराकडून पुरणाचा वास येऊ लागला, तरी कुणी आलं नाही. तिच्यासाठी मला फार वाईट वाटलं आणि मी चिडून म्हणालो, की हात ठेवला असतास तर काय बिघडलं असतं?

"मत तर मी दादाभाऊलेच दिन्हं व्हतं, बापू," ती शांतपणे म्हणाली. "पन इचारं म्हनीसन कशी सांगू? आज देवीले सांगं, ते उद्या कोन्ही बी इचारी."

पारावर पुन्हा भोंगा लागला होता. जिल्हा परिषदेची निवडणूक जवळ आली आहे. या खेपेला शपथेचा नारळ मतदानाच्या आधीच घरोघर फिरणार, असं गिरणीवर ऐकलं होतं. शेजारच्या दोन गावांत तो फिरूही लागला आहे, आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

अक्काने सुपातले गहू पुन्हा कोठीत ओतले. मग भोंग्याकडे कान देत तिने हळूच विचारलं, "मत टाकाले गये, का मशीनपुढला तो पुठ्ठाना आडोसा राही ना रे, बापू?"

"राही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.