नात्याचा रकाना

विसरवाडीच्या शाळेत माझा तिसरीचा वर्ग चालू होता. नंदुरबारहून आलेल्या एस.टी.चा कंडक्टर टोपी हातात धरून दाराशी उभा राहिला, तेव्हाच मी खडू खाली ठेवला. "बाई, जमनाताई गयात," एवढंच तो बोलला. पंधरवड्यापूर्वी दवाखान्यात त्यांना भेटले होते. अंगात ताप, आणि विचारलं काय, तर "नवापूरचे कागद आले का गं?" मी चिडून म्हटलं, "आधी पेज प्या." त्यांनी तोंड फिरवलं. आजारी माणसाचा हट्ट, असं मी मनाशी म्हणाले... पण तो हट्ट आजाराचा नव्हता, मूळचाच होता.

बायकांना घरात होणारी मारहाण देशभर एकाच छापील नमुन्यात नोंदवावी, असं तेव्हा दिल्लीत कुणाच्या तरी मनात आलं होतं. प्रयोगासाठी निवडलेल्या भागांत आमचा पश्चिम खानदेशही होता. जमनाताई त्या कामावर तपासनीस होत्या; मी आणि आणखी दोघी त्यांच्या हाताखाली. ताई तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याची लेक. सासर सोडून नंदुरबारला एका खोलीत एकट्या राहत. सगळ्या जगाला प्रश्न विचारत फिरणाऱ्या या बाईला, ते का सोडलं, असं आम्ही कधी विचारलं नाही.

घरी जाऊन विचारलं की सासू उंबऱ्यात ठाण मांडायची आणि सून म्हणायची, पडले. मग ताईंनी आम्हाला मिरचीच्या पथारीवर नेलं. शेटजींची मिरची जिथे वाळत पडायची, तिथेच बायका देठ खुडायला बसत. "इथं डोळ्यांत पाणी आलं तर कुणी का म्हणून विचारत नाही," ताई म्हणाल्या. आम्हीही देठ खुडत बसलो. पहिल्या दिवशी शिंकून शिंकून माझी अशी दैना झाली की त्या बायाच मला पाणी पाजत होत्या. पण बोलू लागल्या. एकीनं पदर सरकवून दंडावरचा वळ दाखवला. मी नमुन्यातला पुढचा रकाना विचारला, 'मारणाऱ्याचे नाव', आणि तिनं जीभ चावली. "नाव कसं लेवू, बाई?" नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी रकाना रिकामा ठेवला. कचेरीतला कारकून नेटका माणूस, त्यानं असे सगळे रकाने 'अज्ञात इसम' लिहून भरून टाकले.

ते पाहून ताई भडकल्या. "म्हणजे कुणी अनोळखी माणूस घरात घुसून आमच्या बायकांना बडवून जातो, असं सगळ्या देशाला कळवायचं?" दुसऱ्या दिवशी त्या त्याच बाईशेजारी जाऊन बसल्या. दोन मुठी देठ खुडून झाल्यावर विचारलं, "तो तुन्हा कोन लागस?"

"मन्हा पोऱ्यासना बाप शे," ती पटकन म्हणाली.

ताईंनी छापील 'नाव' खोडलं, वर 'नाते' लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसल्या. ओल्या शाईच्या कागदाची घडी त्यांनी कधी केली नाही. सांगताना त्या बाईला किती जड गेलंय ते बघ, पुसून जायला नको, असं म्हणायच्या.

मग कचेरीतले वरचे साहेब जीपमधून आले. छापील नमुन्यात खाडाखोड चालणार नाही, बाकीच्या प्रांतांशी मेळ कसा बसणार, म्हणाले. "मग त्यांचाही रकाना बदला," ताई म्हणाल्या. "बाई, तुमची नेमणूक हंगामी आहे." "ठाऊक आहे. पण अज्ञात इसम लिहिलेला एकही कागद मी वर पाठवणार नाही." आम्ही तिघी भिंतीला चिकटून उभ्या. मला तर तेव्हा ताईंचाच राग आला होता, एका शब्दासाठी हातची नोकरी घालवतात म्हणून. त्या अर्जावर अर्ज करत राहिल्या. शेवटी नवे छापील नमुने आले, नात्याचा रकाना असलेले, आणि बाकीच्या प्रांतांतही तेच गेल्याचं कळलं. ताईंनी छपाई नीट पाहिली नि म्हणाल्या, "चला पथारीवर."

पुढे तो प्रयोगच गुंडाळला गेला. मी शाळेत लागले. ताई मात्र उरलेले नमुने गावोगावच्या शिक्षिकांकडून भरून घेत राहिल्या, शेवटपर्यंत. पुन्हा कधी मोजायला घेतील तेव्हा हाताशी असावं, म्हणून. नवापूरचे कागद ते हेच. आले ते, ताई गेल्यानंतर.

मृत्यूची नोंद करायला मीच गेले. दुसरं कोण होतं? खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "मयताशी नातं?" रक्ताचं काही नाही, एवढं मी सांगितलं. तो म्हणाला, "राहू द्या, रिकामा ठेवतो."

"रिकामा ठेवायचा नाही," मी इतक्या जोरात म्हणाले की रांगेतली माणसं वळून बघू लागली. "लिहा, हाताखालची."

"हे काय नातं झालं, बाई?"

"झालं. लिहा."

त्यानं लिहिलं आणि कागद घडी करायला उचलला. मी त्याला थांबवलं. शाई वाळेपर्यंत खिडकीपाशी उभी राहिले.