बर्फाला न घाबरणारा व्हर्नर

व्हर्नर लाहती सहा वर्षं शनिवारच्या सौनाला गेला नव्हता. मिशिगनच्या उत्तर टोकाला, फिनिश लोकांच्या त्या वस्तीत, ही काही साधी गोष्ट नव्हे. तापलेल्या दगडांवर पाणी ओतायचं, अंगावर चिंधीही न ठेवता वाफेत बसायचं आणि गावातल्या प्रत्येकाची यथेच्छ उणीदुणी काढायची, यासाठीच तर तिथे आठवडा उजाडतो. पण व्हर्नरच्या पाठीपोटावर सोरायसिसचे लाल चट्टे पसरले होते. बसेल तिथे खपल्यांचा सडा पडायचा. मग कधी कंबर धरल्याची सबब, कधी पाहुणे आल्याची. जिवलग मित्र रेइनो पहिली दोन वर्षं बोलवायला येत होता, मग तोही थांबला. व्हर्नरला त्याची फार आठवण यायची, पण बोलून दाखवेल तर तो लाहती कसला!

मलमं थकली तेव्हा डॉक्टरांनी बायोलॉजिक, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला आवर घालणारं इंजेक्शन सुचवलं. त्याच्या माहितीपत्रकाची घडी उलगडली तर ते टेबलावर मावेना. जंतुसंसर्ग, दबलेला क्षय उफाळणं... व्हर्नरने एकेका धोक्याखाली लाल रेघ मारली आणि आपल्याला एवढ्यात मरायचं नाही, असं जाहीर केलं.

त्याची बायको लेम्पी कॉफी ओतता ओतता थांबली. "मार्चच्या वितळत्या बर्फावर पिकअप घालून ती तळ्यात बुडवलीस, तेव्हा नव्हती का मरणाची भीती?"

"ते एकदाच झालं," व्हर्नर म्हणाला.

तरी तो गुमान तिच्याबरोबर दवाखान्यात गेला. नर्स मार्सी स्वतः हिवाळाभर तळ्यावर मासे धरणारी बाई. तिने लाल रेघांचा कागद शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, गोठलेलं तळं कसं ओलांडता? व्हर्नर खुलला. थोड्या थोड्या पावलांवर भोक पाडून जाडी मोजायची. माणसाला चार इंच बर्फ पुरे, गाडीला फूटभर लागतो. पातळ लागला की मागे फिरायचं. पिकअप बुडाली त्या दिवशी मोजायचा कंटाळा केला होता, हेही त्याने कबूल केलं.

"आपणही मोजत मोजतच जायचं," मार्सी म्हणाली. "आधी क्षयाची आणि काविळीची तपासणी, पुढेही अधूनमधून. ताप आला तर इंजेक्शन घ्यायच्या आधी मला फोन करायचा. वर्षाला शंभरातल्या एखाद-दोघांना मोठा संसर्ग होतो, काहींना तो औषधाविनाही झाला असता. पण धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही, व्हर्नर. तुम्हीही बर्फाबद्दल म्हणत नाही."

व्हर्नरने लाल रेघांचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग रक्त द्यायला त्याने बाही वर केली.

इंजेक्शन सुरू झाल्यावर चार महिन्यांत एकदा सर्दी झाली, दोनदा टोचलेली जागा सुजली. चट्टे मात्र विरत गेले. जूनमधल्या एका शनिवारी तो टॉवेल खांद्यावर टाकून सौनात शिरला. पाठीवर अजून दोन-चार डाग होते. रेइनोने ते नीट निरखले आणि विचारलं, एवढ्यासाठी? व्हर्नरने मान हलवली.

"सहा वर्षं मी समजत होतो, माझंच काहीतरी चुकलं," रेइनो म्हणाला.

व्हर्नरला भयंकर लाज वाटली. "नाही रे, माझंच चुकलं," तो म्हणाला आणि बाकावर रेइनोला खेटून बसला.