दिगंबर सरांचे चार रंग

संगमनेरला दिगंबर सरांच्या चित्रकलेच्या वर्गात मी प्रथम गेले, ती तैलरंगांची चोवीस नळ्यांची नवीकोरी पेटी मिरवीत. सरांनी तीतल्या चारच नळ्या माझ्यापुढे ठेवल्या: पांढरा, काळा, पिवळी माती आणि गेरू. उरलेल्या वीस कपाटात ठेवून कुलूप लावले. "या चौघांवर भागेनासं झालं की मागायला ये," म्हणाले. मला रागच आला होता.

आज सर पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्याविषयी सगळे गोड लिहितीलच. मला मात्र आधी एक कबुली द्यायची आहे.

मी सरांकडे शिकत असताना एकदा बेलापूरहून सखूबाई आल्या होत्या. यजमान जाऊन वर्ष झालेले. फोटो काय तो एकच, कुणाच्या तरी लग्नातला, आणि त्यात चेहरा नखाएवढा. दोघे शेजारी बसलेत असे चित्र त्यांना हवे होते. सरांनी नाकडोळ्यांविषयी चकार शब्द विचारला नाही. ते कसे बसत, हात कुठे ठेवत, एवढेच तासभर विचारले. मग त्याच चार रंगांत बाजेवर बसलेली दोन माणसे उतरवली. चेहऱ्याला एक उजेडाची बाजू, एक सावलीची, बस्स.

सखूबाई चित्र न्यायला येणार त्या दिवशी सर चहाला गेले आणि मला अवदसा आठवली. बिनडोळ्यांचा नवरा पाहून बाईंना काय वाटेल, या काळजीने मी सुकलेल्या चित्रावर यजमानांना डोळे काढले, वर झुपकेदार मिशीही दिली.

सखूबाईंनी बराच वेळ पाहिले. "ह्ये पाव्हनं कोन हायेत? आमचं मानूस न्हाई ह्ये." त्यांचा चेहरा पार उतरला.

सरांनी एकदाच माझ्याकडे पाहिले. "चूक माझी आहे, बाई. उगाच पाल्हाळ लावलं," असे म्हणत टर्पेंटाइनच्या बोळ्याने त्यांनी ओले डोळे आणि मिशी पुसून टाकली.

सखूबाई पुढे झाल्या. चित्रातल्या डाव्या खांद्याजवळ बोट नेले. "व्हय, हेच! बैलानं पाडल्यापून खांदा असाच खाली हुता त्यांचा." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

सरांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. शरमेने मीही नाही. आता मी स्वतः चित्रकला शिकवते. मुलांनी चित्र बिघडवले की ओरडण्याआधी मला तो बोळा आठवतो. सर, मिशी माझी होती. तुम्हाला ठाऊकच आहे. बाकीच्यांना कळावे म्हणून लिहिले.

सरांना निरामय शंभरी लाभो. माझ्या वीस नळ्या अजून त्यांच्याच कपाटात आहेत, एव्हाना वाळून दगड झाल्या असतील. मी मागायला गेलेलेच नाही. हे चौघे रंग मला पुरते कळेपर्यंत तरी त्या सांभाळण्यातून सरांची सुटका नाही.