जवस खाल्लेल्या कोंबड्या

सुकेशनीचा राग आसेगावात सगळ्यांना ठाऊक. बारावीनंतर शिकू दिलं नाही तेव्हापासून आहे तो, असं तिची सासू विमलबाई सांगते. पण यंदाच्या उन्हाळ्यात ती भडकली ते कोंबड्यांवरून, आणि भडकली ते बरोबरच होतं.

बचत गटाच्या प्रशिक्षणात तिनं ऐकलं की कोंबडी जे खाते तेच तिच्या मांसात उतरतं. जवस भाजून, भरडून दाण्यात मिसळला, तर चार-पाच आठवड्यांत मांसातली हृदयाला चांगली असलेली चरबी, ओमेगा-थ्री, वाढते. बाकीच्या बायका माना डोलावून चहा प्यायला गेल्या. सुकेशनीनं घरी येऊन चाळीस कोंबड्या वेगळ्या काढल्या. मंगरूळपीरचा चिकनवाला विनोद म्हणाला, "लॅबचा कागद आणा ताई, मी जवसाची कोंबडी म्हणून वेगळी विकतो." उत्साहात त्यानं लेबलंही छापून घेतली.

सुकेशनी पहाटेच उन्हाळी भुईमुगाच्या निंदण-खुरपणीला जाई, म्हणून दाणा मिसळायचं काम विमलबाईकडे. भाजलेल्या जवसाचा डबा आणि मापाचा मग तिच्या हवाली केला होता. महिन्याभरानं दोन कोंबड्यांचं मांस बर्फात घालून लॅबला गेलं. कागद आला: साध्या कोंबडीत नि हिच्यात काडीचा फरक नाही.

सुकेशनी तडक एसटीनं लॅबवर. "मशीन बिघडलं असंन तुमचं! महिनाभर मी काय माती चारली?"

तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "ताई, जवस पोटात गेला असता तर दिसला असता."

हे वाक्य परतीच्या सगळ्या वाटेवर तिला टोचत राहिलं. घरी आल्यावर विमलबाईनं ताट वाढलं. पहिल्याच घासाला सुकेशनीचा हात थांबला.

"आत्याबाई, ही चटणी कायची?"

"जवसाची. घे न अजून. शेजारच्या राखीच्या घरीबी बरणीभर धाडली."

"जवस कुठला?"

"डब्यातला. तू भाजूनच ठेवला होता, मीठ-मिरची-लसूण घालाचं तेवढंच काम."

"मंग कोंबड्यायले काय घातलं?"

"ज्वारी. मे महिना हाय, बाई. जवस गरम असते. बिचाऱ्या चोची वासून बसल्या होत्या. लेकराईले देतो काय आपण उन्हायात जवस?"

"मले सांगाचं तरी!"

"आयकते का तू कोनाचं?"

सुकेशनीनं ताट असं सरकवलं की भाकर अंगणात गेली. मग ती जे बोलली ते चार घरांनी ऐकलं. विमलबाई मात्र ढिम्म हलली नाही. कोंबड्यांचा जीव वाचवल्याचं समाधान तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

सकाळी विनोद टेम्पो घेऊन आला. सगळं ऐकून हसला. "लेबलं छापेल हायेत, चिकटवून टाकू. कोण तपासते?"

सुकेशनी एकदम थंड झाली. तिचा खरा राग तसाच असतो.

"ज्याले डॉक्टरनं तेल-तूप बंद केलं, तो माणूस त्या लेबलाच्या भरवशावर खाईन. त्याले काय सांगशीन?"

"सारेच करतात, ताई."

"सारे म्हंजे कोण? एकाचं नाव सांग."

विनोदनं लेबलांचा गठ्ठा परत टेम्पोत टाकला.

"साध्या कोंबड्या म्हणून न्याच्या तर ने. नाई तर रिकामा जाय."

नेल्या त्यानं, तोंड वाकडं करून. मग तिनं लॅबला फोन लावला. "मशीन बरोबर होतं. आमचंच घर बिघडेल होतं." आणि समोरचा काही बोलायच्या आत ठेवून दिला.

नवी पिल्लं आली. एका दुपारी ती स्वतः खुराड्यात जाऊन बसली. टिनाखाली तव्यासारखी धग. दहा मिनिटांत डोकं भणभणलं. सासूचं डोळ्यांनी पाहिलेलं खरं होतं, तिचा उपाय तेवढा खुळा. सुकेशनीला याचाच सगळ्यात जास्त संताप आला. तिनं टिनावर तुरीच्या वाळक्या तुराट्या अंथरल्या, वर ओलं पोतं टाकलं आणि हुकूम सोडला, "जवस मी घालीन. पाणी नि सावली तुमच्याकडं."

"हे पयलेच इचारलं असतं तर?"

"तुमी पयलेच सांगतलं असतं तर?"

विमलबाईनं बादली उचलली. "अन् या खेपेले लॅबमंदी मीबी येतो. त्या मशीनले मले दोन गोष्टी इचाराच्या हायेत."