व्हर्नाच्या आधी पोचणारा सिनेटर

व्हर्ना पेल्कीने तीस वर्षं अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तरेत शाळेची बस चालवली. कुठल्या घरातलं पोर कधी रडत चढलं, हे तिला पाठ. एवढ्या भांडवलावर, बासष्टाव्या वर्षी, ती राज्याच्या सिनेटच्या निवडणुकीला उभी राहिली. समोर रॉइस डनेल, चार वेळा निवडून आलेला. पक्षाने तिला पत्रकं दिली आणि हात झटकले. गाडी आणि वेळ दिला तो मैत्रीण थेल्डा हॅस्केलने.

सप्टेंबर लागला की दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या चर्चच्या तळघरात बीन्सचं गावजेवण असतं. मतं तिथेच मिळतात, भाषणांत नाही. पण व्हर्ना केक घेऊन पोचते तो डनेल आधीच एप्रन बांधून वाढायला उभा. एकदा, दोनदा ठीक. पाचव्यांदा तो हसून म्हणाला, "ये व्हर्ना, तुझीच वाट बघत होतो. भोपळ्याचा केक ना आज?"

व्हर्नाच्या मनात पाल चुकचुकली. आपण कुठे जाणार हे थेल्डाखेरीज कुणाला ठाऊक होतं? थेल्डाचा भाचा डनेलच्या लाकूड गिरणीत कामाला. आणि फोन आला की हल्ली ही बाहेर जाऊन का बोलते?

परतताना तिने गाडीतच विचारलं, "थेल्डा, त्याला सांगतं कोण?"

"मला काय माहीत?"

"तुझा भाचा आहे तिथे."

थेल्डाने व्हर्नाच्या दारात गाडी थांबवली. "उतर," एवढंच म्हणाली.

पुढे व्हर्ना एकटीच हिंडली. कुणालाही ठिकाण सांगत नव्हती, तरी डनेल हजर. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात ती गावच्या दुकानातल्या फळ्यावर केक लिहायला गेली आणि तिचा हात थांबला. जेवणाला कोण काय आणणार ते आधी तिथे लिहायचं, हा गावोगावचा रिवाज. प्रत्येक गावच्या यादीत तिचं नाव होतं, तिच्याच हस्ताक्षरात. दूध घ्यायला आलेला कुणीही वाचेल.

मंगळवारी ती अकराशे मतांनी पडली. बुधवारी सकाळीच थेल्डाकडे गेली. थेल्डाने तिला आत बोलावलं नाही.

"फळ्यावर वाचून यायचा तो. चुकले मी, थेल्डा."

"हं."

"मत तरी मलाच दिलंस ना?"

थेल्डाने दाराची मूठ धरली. "अजून विचारतेच आहेस," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.