आमेन झालं की गाडी सुटते

आमच्या बँडचा एक नियम होता. प्रार्थना झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. तुर्भ्याच्या गाळ्यातून निघताना प्रार्थना, चहाला थांबून पुन्हा गाडीत बसलो की प्रार्थना, घाट लागायच्या आधी प्रार्थना. सगळ्यांनी डोळे मिटायचे, ज्याची पाळी असेल त्याने बोलायचं, आणि 'आमेन' झालं की आमच्या ड्रमरने चावी फिरवायची. टेम्पो ट्रॅव्हलर त्याचीच होती आणि चालवायचाही तोच.

या नियमापायी आम्ही एकदा आमचा गायकच रस्त्यात विसरून आलो. आजही ते आठवलं की आधी हसू येतं आणि मग ऊर भरून येतो.

आम्ही चौघं. मी बेस गिटार वाजवते, नवरा लीड गिटार, त्याचा धाकटा भाऊ गातो, आणि ड्रमवर बोनकोड्याचा तो आगरी गडी. त्याच्या डॅशबोर्डवर एकवीरा आईचा फोटो, आणि शेजारी माझ्या नवऱ्याने चिकटवलेला छोटासा क्रूस. ख्रिस्ती रॉक बँडमध्ये तू कसा, असं त्याला जागोजागी विचारायचे. त्याचं आगरी बोलीतलं उत्तर ठरलेलं, 'आवडतं'ला 'आवरतं' म्हणत. "मना वाजवाला आवरतं, यांना गानी गावाला आवरतं. मंग अडचन कोनाला हाय?" प्रार्थनेच्या वेळी मात्र तो आमच्यापेक्षा घट्ट डोळे मिटायचा. मी एकदा चिडवलं तर म्हणाला, "ताय, माळशेज घाट उतरायचा हाय. कुनालाच नाराज करायचं नाय."

सोमवार ते शुक्रवार आम्ही चारचौघांसारखे नोकरदार. कामोठ्यात आमच्या घरी बेसला नुसता हात लावला तरी खालच्या मजल्यावरची भांडी थरथरतात म्हणे. सोसायटीच्या सेक्रेटरीने ते लेखी कळवलं आहे. म्हणून सराव तुर्भ्यात, नवऱ्याच्या मित्राच्या गाळ्यात. शेजारी खोकी कापायचं मशीन, बाहेर रिव्हर्स घेणारे ट्रक. तिथे तक्रार करायची कुणाची बिशाद नव्हती, कारण सगळ्यात कमी आवाज आमचाच असायचा.

रॉक बँड दौऱ्यावर निघाला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं, त्यातलं आमच्याकडे काही नव्हतं. आमच्याकडे धपाट्यांचा डबा, इलेक्ट्रालच्या पुड्या आणि चिकटपट्टीचे गठ्ठे. झोपायला मिशनच्या शाळेचा वर्ग, बाकं जोडून. स्टेज म्हणजे कधी ट्रॉली, कधी चर्चची पायरी. जालन्याकडे एकदा जनरेटर बसला आणि आम्ही अर्धा कार्यक्रम नुसत्या टाळ्यांवर केला. मिरजेकडच्या एका गावात पोस्टरवर आमचं नाव 'मुंबईचा ऑर्केस्ट्रा' असं छापलं होतं, आणि पहिल्या गाण्यानंतर एका काकांनी लावणीची फर्माईश केली. नवरा कानकोंडा झाला. मी म्हटलं, काका, तेवढं सोडून काहीही सांगा. प्रत्येक गावात मटणाचा रस्सा मात्र असा असायचा की परतताना सगळ्यांच्या पँटी घट्ट.

मला हे सगळं आवडायचं. अगदी मनापासून आवडायचं. फक्त एक गोष्ट सलत होती, ती म्हणजे माझे वडील.

पप्पा नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीचे, म्हणजे चर्चचे, निवृत्त पाळक, म्हणजे धर्मगुरू. त्यांचं आयुष्य टाळ, पेटी आणि भजनात गेलं. स्वतः गाणी रचायचे, चालीही लावायचे. मी बेस विकत घेतली तेव्हा त्यांनी तिची एक जाड तार वाजवून पाहिली आणि म्हणाले, "ही बैल बांधायला बरी आहे." माझ्या लग्नात आमच्या बँडने वाजवलं, तर हा माणूस दुसऱ्या कडव्याला उठून आचाऱ्याकडे गेला, रस्सा उकळतोय का ते बघायला. रस्सा सकाळपासून उकळत होता.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. "मंडळी गाते ती उपासना. मंडळी नुसती ऐकायला लागली की तो तमाशा. तुमच्या कार्यक्रमात गातं कोण? तुम्ही. बाकीचे मोबाईल वर धरून उभे." मी तावातावाने भांडायचे. पण खरं सांगू? रागाने इतकी लाल व्हायचे, कारण त्यांचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. लोक आमच्यापुढे नाचायचे, शिट्ट्या मारायचे, पण गात नसत.

मग त्या वर्षी पप्पांच्याच मंडळीच्या वार्षिक मेळाव्याचं आमंत्रण आलं. तरुण संघाने हट्ट धरला होता. कमिटीने वेळ दिली, दुपारच्या चहानंतरची. पप्पांनी फोनवर एवढंच सांगितलं, "या. पण पहिल्या गाण्याला मंडळी गायली नाही, तर मी स्वतः येऊन स्विच बंद करीन. मग आमचे टाळकरी बसतील." पप्पा बोलतात ते करतात. मला पैसा नको होता, टाळ्या नको होत्या. त्यांनी एकदा बसून ऐकावं आणि उठून जाऊ नये, एवढंच हवं होतं. म्हणून पहिलं गाणं आम्ही त्यांचंच निवडलं, 'तुझ्या अंगणी आलो देवा, पाय धुळीचे घेऊन'. चाल तीच ठेवली, फक्त तिच्या पायात बूट घातले. पप्पांना याचा पत्ता नव्हता.

आता आमच्या गायकाबद्दल. दीर तसा गुणी, पण आवाजाला जपायचं त्याला वेड. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून मौन. गाडीत मागे, स्पीकरच्या खोक्यांआड, मफलर गुंडाळून आडवा व्हायचा. काही हवं असेल तर खोक्यावर टकटक. त्यामुळे तो गाडीत आहे की नाही हे कळायला मार्गच नसायचा. पण तो नसेल असं आमच्या कधी मनातच आलं नाही.

आळेफाट्याला आम्ही चहाला थांबलो. पुन्हा गाडीत बसलो आणि प्रार्थनेची पाळी माझी होती. मेळाव्याची धास्ती होती, त्यामुळे ती प्रार्थना जरा लांबलीच. पप्पांचं मन, मंडळीचं मन, वीजपुरवठा, एकेका गोष्टीसाठी मागत गेले. ड्रमर नंतर म्हणाला की त्याला मधे एक डुलकी लागली होती. शेवटी आमेन झालं, चावी फिरली, गाडी सुटली. मागून टकटक आली नाही, म्हणजे सगळं ठीक.

मेळाव्याच्या मैदानात पोचलो, मांडव भरलेला, आम्ही सामान उतरवायला लागलो. तेवढ्यात खोक्यांआडून मोबाईल वाजला. दिराचा होता, नंबर अनोळखी. हा पठ्ठ्या अजून झोपलाय म्हणून मी वैतागून उचलला.

"कोण?"

"वहिनी, मी."

"मी कोण? ज्याचा फोन आहे तो झोपलाय. नंतर करा."

"अहो वहिनी, फोन माझाच आहे! मी आळेफाट्यावर आहे!"

गुळण्या करायला गरम पाणी हवं म्हणून साहेब थर्मास घेऊन खाली उतरले होते, नेमके माझ्या प्रार्थनेत. आमचे सगळ्यांचे डोळे मिटलेले. मौन असल्यामुळे त्याने हाकही मारली नाही. गाडी हलली तेव्हा म्हणे तो थर्मास हलवत मागे धावला. तोंड उघडलं नाही! ड्रमरने ते ऐकलं आणि तो चाकाशेजारी मटकन बसून हसायला लागला. मी मात्र घड्याळ बघितलं.

काय करणार? नवरा गायला की कामोठ्यातली कुत्री उत्तर देतात. मला बेस वाजवताना गाता येत नाही, बोटं शब्दांमागे धावायला लागतात. इकडे चहाचे कप गोळा झाले आणि कमिटीचे अध्यक्ष हात चोळत आले. त्यांच्यामागे पप्पा. पांढरा सदरा, काखेत बायबल.

"सलाम, पप्पा," मी आमच्या ख्रिस्ती रिवाजाने म्हटलं.

"सलाम. गायक दिसत नाही तुमचा."

"येतोय. वाटेत आहे."

"मग गाणार कोण?"

आणि माझी जीभ सुटली. "मंडळी गाईल! तुम्हीच म्हणता ना, मंडळीने गायला पाहिजे? बघू या गाते का!"

पप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बघू या," म्हणाले, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. मी बेस खांद्यावर चढवली. गावच्या हळदींत रात्र-रात्र वाजवलेला ड्रमर मागून हळूच म्हणाला, "ताय, टेन्शन घेव नको. हलदीला गानारा कवाच टायमावर नसतो. लोकं उभी राहीपरत आपून थांबायचं नाय."

स्टेजच्या मधोमध रिकामा माईक. मी सुरुवात केली. पप्पांच्या चालीची पहिली ओळ, बेसवर, एकटी. मग ड्रम आला, मग गिटार. ओळ संपली, पुन्हा पहिल्यापासून. बाया एकीकडे, पुरुष एकीकडे, सगळे सतरंजीवर बसून रिकाम्या माईककडे बघतायत. पोरांनी मोबाईल वर धरले. तिसऱ्यांदा तीच ओळ. कुणी तोंड उघडेना. आणि पप्पा उठले.

त्यांची चाल मला लहानपणापासून पाठ आहे. शिस्तीत, घाई न करता, ते मांडवाच्या कडेला गेले. तिथे खांबाला विजेचा बोर्ड होता, त्याखाली टाळकरी आपली पाळी येणार म्हणून तयार बसलेले. पप्पांनी बोर्डवर हात ठेवला. मला रडू फुटायच्या बेतात होतं, पण बोटं थांबवली नाहीत. थांबवायचीच असेल तर त्यांनी थांबवावी, मी नाही थांबवणार.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक आवाज आला. एकाच बाईचा, जरा चिरका, भाकऱ्या थापताना गातात तसा. 'तुझ्या अंगणी आलो देवा...' तिने चाल ओळखली होती. तिच्या शेजारणीने दुसरी ओळ धरली. मग ती अख्खी रांग, मग मागची. पुरुषांना बहुतेक लाज वाटली असावी, कारण कडवं संपेपर्यंत त्यांच्याकडूनही सूर लागला, आणि धृपदाला तो सगळा मांडव एकदम गायला लागला. पोरांनी मोबाईल खाली घेतले, कारण त्यांनाही ते गाणं येत होतं. ते ऐकतच ती मोठी झाली होती. माझ्या बेसचा आवाज मला ऐकू येईना. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा इतका आनंद झाला.

पप्पांचा हात अजून बोर्डवरच होता. मग त्यांनी तो काढला, खाली वाकले, एका टाळकऱ्याच्या हातातून झांज घेतली आणि सरळ आमच्या पुढ्यात येऊन मंडळीकडे तोंड करून उभे राहिले. झांज वाजवायला लागले. आणि तीही आमच्यापेक्षा जलद! रॉक बँड आम्ही, पण लय ते वाढवत होते. ड्रमर मला ओरडून म्हणाला, "ताय, तुजा बाप आयकत नाय!" आणि दात काढत त्यांच्या मागे सुटला. ते गाणं आम्ही किती वेळा फिरवलं ते आता आठवत नाही. संपवायला गेलो की कुणीतरी पहिल्यापासून उचलायचं.

मधेच मैदानाबाहेर कांद्याचा एक ट्रक थांबला आणि थर्मास छातीशी धरून दीर उतरला. धावत स्टेजपर्यंत आला, मंडळीकडे पाहिलं, पप्पांकडे पाहिलं, आणि स्टेजवर चढलाच नाही. पुरुषांच्या रांगेत मांडी घालून बसला आणि दिवसभर जपलेला आवाज तिथेच मोकळा सोडला. पुढची गाणी त्याने गायली, पण मंडळी काही गप्प बसली नाही. टाळकऱ्यांनी वेगळी वेळ मागितलीच नाही, आमच्याबरोबरच वाजवलं.

पंगतीत पप्पा वाढप्याला सांगत होते, "त्या ड्रमवाल्याला नळी वाढ. गावाकडची शिकवणी आहे त्याच्या हाताला." मला भाकरी त्यांनी स्वतः वाढली, मागितली नव्हती तरी.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा पप्पा गाडीपाशी आले. आदल्या दिवसाची आळेफाट्याची गोष्ट त्यांना कळलीच होती. सगळ्या मंडळीला कळली होती. दारात उभे राहून म्हणाले, "आज प्रार्थना मी करणार." आम्ही डोळे मिटले.

"हे प्रभू, ही लेकरं घाटातून जाणार आहेत. त्यांना सांभाळ." मग ते थांबले. "एक. दोन. तीन."

मला राहवलं नाही, मी डोळे उघडले. ज्या माणसाने मला लहानपणी प्रार्थनेत डोळे किलकिले केले म्हणून चापट मारली होती, तो डोळे टक्क उघडे ठेवून, एकेकाकडे बोट करत मोजत होता. दीर मागून टकटक करायला लागला.

"चार," पप्पा म्हणाले. मग त्यांचं बोट माझ्या मांडीवरच्या, बेसच्या काळ्या पेटीवर आलं. "आणि ही पाचवी, जाड तारांची. हिलाही जप, प्रभू. पुढच्या वर्षी मला ती पुन्हा ऐकायची आहे."

आमेन आधी ड्रमर म्हणाला. मग मी म्हटलं, आणि चावी फिरली.