आम्हाला पाऊस शिकवू नकोस

हिमाचलातून आम्ही कसे वाचलो, हे माझा थोरला भाऊ, अण्णा, अजून मागावर कापड विणता विणता रंगवून सांगतो. बेळगावात आमच्या वडगावातली निम्मी गल्ली ती गोष्ट ऐकून गेली असेल. तो सांगायला लागला की मी उठून बाहेर जातो.

गेल्या हिवाळ्यात माग आठ दिवस बंद ठेवून आम्ही दोघे भाऊ बायकांना घेऊन बर्फ बघायला गेलो होतो. परतायच्या दिवशी पहाटेपासून धो धो पाऊस लागला. संध्याकाळी खाली रेल्वे गाठायची होती. गाडीवाला तिथलाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा. तो म्हणाला, आज थांबू. बर्फ पडत असेल तर मी गाडी काढतो, पण बर्फावर पाऊस पडला की नाही काढत. परवा पडलेला बर्फ पाणी पितो, जड होतो, मग खालून सुटतो आणि दगडमाती घेऊन रस्त्यावर येतो. त्याने हे दोनदा सांगितलं. शहाण्याला शब्दांचा मार पुरतो. आम्ही कुठले शहाणे?

"असल्या पावसात आपल्याकडं पोरं शाळंला जात्यात," अण्णा मला म्हणाला. "सांग की रं त्याला."

अण्णाला हिंदी येत नाही. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, आणि वर पदरचंही घातलं. आम्ही बेळगावची माणसं, पावसातच वाढलो, आम्हाला पाऊस शिकवू नकोस. भीती वाटत असेल तर दुसरी गाडी बघतो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि किल्ली उचलली.

तासाभराने रस्त्यात दगड आडवे आले. आम्हाला आतच बसायला सांगून तो उतरला. दोन दगड त्याने बाजूला केले, तिसऱ्याला हात घातला. आमच्या आंबोली घाटात दरड यायची तर पाऊस दिवसच्या दिवस मुरावा लागतो. इथे सकाळही सरली नव्हती. वरून बर्फाचा आणि चिखलाचा काळा लोंढा आला, गाडीच्या तोंडापुढून थेट नदीत गेला. तो उभा होता तिथे रस्ताही राहिला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला वर काढलं. तोवर आम्ही मागे चालत गाठलेल्या गावात अडकलो होतो. त्याची बायको आम्हाला भेटायला आली. तिने एवढंच विचारलं, असल्या पावसात ते कधी गाडी काढत नसत, त्या दिवशी का काढली?

अण्णाने मला कोपर मारलं. "त्यालाच घाई हुती म्हणून सांग."

आणि मी त्याच मोडक्या हिंदीत तसं सांगितलं.

 ती म्हणाली, त्यांना तर जन्मात कधी कशाची घाई नव्हती. आणि आमच्यासाठी चहा सांगायला उठली.